देव पुसायचं फडकं

माझ्या चष्म्याला कुणी हात लावलेला मला खपत नाही. बायको म्हणते, यांच्या ताटातला घास उचलला तर चालेल, पण चष्मा उचलला की हे घर डोक्यावर घेतात. घेतो. ज्याचं जळतं त्याला कळतं. पाचवीत असताना पहिला चष्मा लागला, तेव्हापासून काचेची वाट लावायच्या सगळ्या तऱ्हा मी पाहत आलोय. कुणी शर्टाच्या टोकानं पुसतं, कुणी पदरानं. कुणी काचेवर तोंडाची वाफ सोडतं आणि मग पाटीवरचं चुकलेलं गणित पुसावं तसं हातरुमालानं खसाखसा रगडतं. आमच्या कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणारे एक गृहस्थ चष्मा बसच्या पडद्याला पुसतात. रोज. मी खिडकीबाहेर बघत बसतो.

माझं तसं नाही. माझी डबी ठरलेली, डबीतलं मऊ फडकं ठरलेलं, ते मी स्वतः धुतो आणि इतर कपड्यांपासून लांब वाळत घालतो. संध्याकाळी घरी आलो की चष्मा पुसायचं बाटलीतलं पाणी दोनदा फवारून काच हलक्या हातानं टिपून घ्यायची. बजाजनगरमध्ये सबंध प्लांटभर माझ्याइतका स्वच्छ चष्मा कुणाचा नसेल, असं मी चारचौघांत म्हणूनही दाखवलं आहे. आता आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

हे सोवळं उगाच नव्हतं. मी वाळूजच्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं शेवटच्या तपासणीच्या टेबलावर बसतो. आमच्याकडं गाडीच्या इंजिनात बसणाऱ्या पिना होतात, बोटभर लांब आणि आरशासारख्या चकचकीत. माझं काम एकच. पिन ट्यूबलाइटखाली धरायची, अंगठ्यानं गोल फिरवायची, अंगावर चरा दिसला तर लाल क्रेटमध्ये टाकायची, नाही दिसला तर निळ्या. लोकांना वाटतं यात काय आहे. दिवसभर डोळ्यांत तेल घालून केसाएवढा चरा शोधायचा म्हणजे काय असतं, ते त्यांनी एक शिफ्ट बसून बघावं. मशीन चालवणारे खूप मिळतात, बघणारा मिळत नाही, असं आमचे जुने साहेब म्हणायचे. त्या एका वाक्यावर मी एकोणीस वर्षं काढली आहेत.

वडील गेल्यावर आई सिल्लोडजवळच्या गावाहून आमच्याकडं राहायला आली. येताना दोन गोष्टी घेऊन आली. एक देवांचा पितळी डबा आणि दुसरी गोवऱ्यांच्या राखेची पिशवी, वस्त्रगाळ केलेली. देव राखेनंच घासायचे, हा तिचा कायदा. बायकोनं बाजारातली पितळ घासायची पावडर दिली तर ती आठ दिवस वापरली आणि म्हणाली, ह्यानं देव उजळत नाहीत, काळवंडलेच दिसतात. आमच्या घरातले देव तेव्हा इतके लखलखत होते की त्यांच्याकडं बघवत नव्हतं. पण तिच्या तोंडी कोण लागणार? राख परत सुरू झाली. पुढं पुढं ती म्हणू लागली, तुमच्या घरात उजेडच नाही. मी कुरकुर करत स्वयंपाकघरातली ट्यूब बदलली. तरी तेच. मग मी म्हणालो, सूर्य बदलून आणू का?

गेल्या वर्षीच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. खंडेनवमीला आमच्या गावी औजारांची पूजा करतात. विळा, खुरपं, तराजू, सगळं धुऊनपुसून देवापुढं मांडायचं आणि हळदकुंकू वाहायचं. बजाजनगरच्या दोन खोल्यांत विळा कुठून आणणार? आईनं स्वयंपाकघरातली विळी मांडली, बायकोच्या शिलाई मशीनला झेंडूचं फूल लावलं, आणि माझ्यापुढं हात करून म्हणाली,

“चष्मा दे. तुह्या पोटाचं औजार ह्येच हाय.”

मी कुरकुरतच दिला. गणपतीच्या सुमारास नवाकोरा केलेला चष्मा होता. पाच मिनिटांत परत मिळाला, तेव्हा दांडीच्या बिजागरीवर कुंकवाचं बोट होतं. ते मी माझ्या फडक्यानं टिपलं आणि विषय विसरून गेलो.

संक्रांतीनंतर माझी लाल क्रेट भरायला लागली. पिनांवर चरेच चरे. बारीक, गोलसर, धुक्यासारखे, पण होते. ते मला दिसत होते. मी टाकत गेलो. माझ्या आधीच्या मशीनवर पिना घासून गुळगुळीत करणारा जो ऑपरेटर आहे, त्याच्यावर सगळं खापर फुटलं. दहा वर्षांची आमची ओळख, डबा एकत्र खायचो. त्यानं घासायचं चाक बदललं, मशीनमधलं तेल बदललं, चोख माप लावून दाखवलं. मी म्हणालो, माप बरोबर असेल, अंग खराब आहे. साहेबांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं. तो माझ्या टेबलापाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, भाऊ, परत एकदा बघा. मी पिन फिरवून त्याच्यापुढं धरली आणि विचारलं, हे काय आहे मग? त्याला काही दिसलं नाही. मी मनात म्हणालो, दिसत असतं तर तुला इथं नसतं का बसवलं.

चौथ्या आठवड्यात साहेब स्वतः माझ्या टेबलावर आले. माझ्या लाल क्रेटमधल्या मूठभर पिना त्यांनी भिंगाखाली एकेक करून फिरवल्या. मी शेजारी उभा. एक झाली, दुसरी झाली. मग त्यांनी पिना निळ्या क्रेटमध्ये टाकायला सुरुवात केली. एक सोडून सगळ्या निळ्यात गेल्या. त्यांनी माझ्याकडं हात पुढं केला आणि चष्मा मागितला. ट्यूबलाइटखाली तिरपा धरला आणि मलाच म्हणाले, बघा.

तारेच्या घासणीनं वर्षभर घासलेला स्टीलचा डबा असतो ना, तशा माझ्या दोन्ही काचा झाल्या होत्या. चरे पिनांवर नव्हते. महिनाभर मी माझ्याच काचेवरचे चरे दुसऱ्याच्या कामावर बघत होतो.

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, आठ दिवस पॅकिंगला बसा, डोळे तपासून घ्या, नवी काच करून आणा. मग मी स्वतः तुम्हांला चांगल्या-खराब पिना मिसळून देईन. जमलं तर टेबल तुमचं, नाही जमलं तर पॅकिंगच बघू. एकोणीस वर्षं टेबलावर काढलेला माणूस खोक्यांना चिकटपट्टी लावत बसला. माझ्याबरोबर डबा खाणारा मित्र समोरून दोनदा गेला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ वगैरे म्हण तो सहज मारू शकला असता. त्यानं काही म्हटलं नाही. तेच जास्त लागलं.

तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि ती कुणावर तरी काढायची होती. चष्म्याच्या दुकानदारावर काढायचं ठरवलं. रविवारी दुपारी दुचाकी काढली, नगर नाक्यावरून छावणी ओलांडून औरंगपुऱ्यात पोचलो. तिथं गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा तास गेला, त्यानं राग आणखी शिजला. चष्म्याचं दुकान जुनं, चालवणारे चाचाही जुने. माझा दहावीचा चष्मा त्यांनीच केला होता. मी डबी काउंटरवर आपटली आणि सुनावलं की पाच महिन्यांत काच अशी होते, तुम्ही नकली माल विकता, मी मात्र माझा चष्मा फुलासारखा जपतो.

चाचांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग काच दिव्याखाली धरून बराच वेळ फिरवली.

“काच का कसूर नै, साब,” ते म्हणाले. “हाताचा कसूर आहे. बघा, चरे सगळे गोल गोल. कुणीतरी रोज बोट फिरवतंय, आणि फडक्यात काहीतरी आहे.”

मी म्हणालो, माझं फडकं धुतलेलं असतं. त्यांनी टाचणी घेतली, नाकावर टेकणाऱ्या छोट्या चकतीच्या मागं घातली आणि आत साचलेला मळ कागदावर काढला. करडी पूड. वस्त्रगाळ. त्यात मध्येच लाल ठिपका.

“ये राख आहे,” चाचा म्हणाले. “और ये कुंकू. मेरे घर का तो नै.”

मी खुर्चीवर बसलो. चाचांनी पाणी दिलं आणि मी न विचारताच शिकवायला लागले. कोरडी काच कधी पुसायची नाही. काच फडक्यानं खराब होत नाही, फडक्याखालच्या धुळीनं होते. आधी काच गार पाण्याखाली धरायची, धूळ वाहून जाऊ द्यायची. मग भांडी घासायच्या पातळ साबणाचा एक थेंब बोटावर घ्यायचा आणि दोन बोटांत काच अलगद धरून फिरवायची, परत पाणी सोडायचं, झटकायचं, आणि स्वच्छ सुती कापडानं टिपायचं. टिपायचं, घासायचं नाही. वाहत्या पाण्याचं ऐकून मला हसू आलं. आमच्याकडं नळाला पाणी यायची वाट आठवडाभर बघतात. चाचा म्हणाले, मग तांब्यानं घाला, अर्धा तांब्या पुरतो. चष्म्याला आंघोळ पाहिजे, मालिश नको.

घरी येईपर्यंत मी रस्त्यात सगळं भांडण मनात करून ठेवलं होतं. आल्या आल्या आईला विचारलं, माझा चष्मा तू पुसतेस का?

“व्हय,” ती म्हणाली. “रोज. दसऱ्यापासून. तू न्हाणीत गेला की. देव पुसून झाले की तुहा चष्मा पुसती आन् डबीत ठिवती.”

इतक्या सहज म्हणाली. मी बायकोकडं वळलो. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, मला वाटलं तुम्हांला माहीत आहे, आणि तुमच्या चष्म्याबद्दल बोलायची या घरात सोय आहे का? म्हणजे चार महिने सगळ्या घराला माहीत होतं. मला सोडून. रोज सकाळी डबीतून निघालेली लख्ख काच बघून, काल संध्याकाळी काय झकास पुसलाय म्हणून मी स्वतःचीच पाठ थोपटत होतो.

मग मी ओरडलो. कसा ओरडलो ते लिहायला लाज वाटते. देव घासायच्या राखेच्या फडक्यानं चष्मा पुसतात का, तुझ्यामुळं माझं टेबल गेलं, एका भल्या माणसाला मी महिनाभर शिव्या खायला लावल्या, माझी अक्कल सगळ्या प्लांटनं काढली, तू गावाकडंच असतीस तर. इथं थांबलो, पण वाक्य तिला पोचलं होतं. ती काही रडली वगैरे नाही. देवांचा डबा उगाच उघडून बंद केला आणि म्हणाली, चांगल्यासाठीच पुसत व्हते, धुरकटच दिसायचा तो कायम.

धुरकटच दिसायचा. हे माझ्या कानावर पडलं होतं. पण राग आला की माणूस ऐकतो कुठं.

चाचांनी नवा चष्मा करून दिला, तो दिवस मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी मी शिक्षक झालो होतो. मला आईचा अबोला सहन होत नव्हता आणि माफी मागणंही जमत नव्हतं, म्हणून मी मधला मार्ग काढला. तांब्या, साबण, सुती रुमाल घेऊन तिला मोरीपाशी बसवलं आणि म्हणालो, पुसायचाच असेल तर असा पूस, मी दाखवतो. तिनं मुकाट्यानं शिकून घेतलं. पाणी घातलं, थेंब लावला, दोन बोटांत काच अगदी बाळाचा कान धुवावा तशी धुतली. टिपली. मला बरं वाटलं. मग तिनं काच खिडकीकडं धरली आणि परत तांब्याला हात घातला.

मी म्हणालो, झाली की स्वच्छ. ती म्हणाली, नाय अजून. परत थेंब, परत पाणी, परत टिपणं. परत खिडकीकडं. तिसऱ्यांदा ती रुमालानं घासायलाच लागली. कोरडी काच. माझ्या नव्या काचा. मी तिच्या हातातून चष्मा ओढून घेतला आणि म्हणालो, आई, स्वच्छ आहे तो, किती वेळा सांगू, एक ठिपका नाही त्याच्यावर.

“धुकं हाय की रं त्याच्यावर,” ती म्हणाली. “समद्यावरच हाय. देवावर, भिताडावर. तुह्या तोंडावरबी हाय.”

मी चष्मा हातात धरून उभा होतो. माझ्या डोळ्यांवर तो नव्हता, म्हणून मलाही तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. मी तो घातला. आई माझ्याकडं बघत होती, म्हणजे मी जिथं असेन असं तिला वाटत होतं तिकडं बघत होती. डाव्या डोळ्यात बुबुळाच्या मधोमध दुधाचा थेंब पडावा तसं पांढरं दिसत होतं. उजव्यातही होतंच, जरा कमी. हे आज झालेलं नव्हतं. ट्यूब बदलायला लावली तेव्हाही असणार. तिनं निवडलेल्या तांदळात खडे राहायला लागले आणि बायको गुपचूप परत निवडायची, तेव्हाही असणार. मी देवांचा डबा उघडला. बाळकृष्णाचं नाक राहिलं नव्हतं. अन्नपूर्णेचा चेहरा गुळगुळीत वाटाण्यासारखा झाला होता. काळे दिसतात म्हणून ती रोज थोडं जास्त घासत होती.

एकोणीस वर्षं मी केसाएवढा चरा हुडकण्याचा पगार घेतोय. माझ्या घरात, माझ्या समोर बसून जेवणाऱ्या बाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि मला तो दिसला नाही. मला चिडायला आता दुसरं कुणी उरलं नव्हतं.

टेबल मला परत मिळालं. साहेबांनी मिसळून दिलेल्या पिनांमधल्या खराब तेवढ्या मी बरोबर काढल्या. मित्राकडं जाऊन चूक कबूल केली. तो म्हणाला, होतं भाऊ, पण डबा तो अजून दुसरीकडंच खातो. आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन उन्हाळ्यात झालं, उजव्याचं पावसाळ्यात. पहिली पट्टी निघाली त्या दिवशी घरी येऊन तिनं आधी ट्यूबकडं बघितलं आणि म्हणाली, केवढा उजेड करून ठेवलाय. मग देवांचा डबा उघडला. बाळकृष्णाला दोन बोटांत धरून नाकाच्या जागी अंगठा फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं माझा जुना चष्मा मागितला. मी देणार नव्हतो. टाकून दिला म्हणून खोटंही बोललो. पण तो बायकोच्या शिलाई मशीनच्या खणात होता आणि आईनं तो शोधून काढला. खिडकीकडं धरला, तिरपा केला, अगदी साहेबांनी केला होता तसा.

“ह्ये म्या केलं?” तिनं विचारलं.

मी म्हणालो, काच नकली होती, चाचांनीच कबूल केलंय. तिला आता माझं तोंड स्वच्छ दिसत होतं. तिनं ते नीट बघितलं आणि चष्मा जिथला तिथं ठेवला.

तेव्हापासून ती माझ्या चष्म्याला हात लावत नाही. आयुष्यभर मला हेच हवं होतं ना? तर आता मलाच ते सोसत नाही. मी मुद्दाम न्हाणीत जाताना चष्मा देवांपाशी ठेवून जातो, डबी उघडी टाकून. बाहेर येतो तर डबी तशीच उघडी. एकदा सरळ म्हणालो, तांब्या आणून देतो, पूस की. ती म्हणाली, तुहं तू पूस, तुला चांगलं येतं. मी तिच्यावरच चिडलो, दुसरं काय करणार?

यंदा परत खंडेनवमी आली. विळी मांडली गेली, शिलाई मशीनला फूल लागलं. मी चष्मा काढून हातात घेऊन बसलो होतो, मागायची वाट बघत. तिनं मागितला नाही. आरती झाली, तिनं सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, आणि शेवटी माझ्याकडं वळून म्हणाली, डबीत ठिव तो. मी ठेवला. तिनं डबीचं झाकण दाबून बंद आहे ना ते बघितलं, मग वरून, झाकणावर, कुंकवाचं एक बोट लावलं आणि डबी माझ्या हातात परत दिली. ते बोट मी अजून पुसलेलं नाही.